या राजे, या

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई. बायकोपाशी तर न्हाईच न्हाई. तुम्हाला सांगून राह्यलो, ते पण — थांबा, सरळ सांगायचं म्हटलं की जीभ अडती. आधी कुत्र्याचं सांगतो.

आमचं घर केदारखेड्याच्या शेतातच. सात वर्षांमागं एक धनगरमामा मेंढरं घेऊन आमच्या रानात उतरले होते. जाताना त्यांनी एक पिल्लू दिलं. राजा. मेंढरं वळायचं त्याच्या रक्तातच, अन् आमच्याकडं मेंढरं कुठली? चार म्हाताऱ्या शेळ्या. मंग तो पाहुणे वळायचा! फाटकातून माणूस आत आला की ह्याचं गोल गोल पळणं सुरू. टाचेला हळूच दात लावायचा अन् ढकलत ढकलत थेट शेळ्यांच्या गोठ्यात न्यायचा. चावायचा न्हाई, खरं सांगतो. त्याला आनंदच आवरायचा न्हाई.

माझी बायको, सुमन, त्याला शिकवायची. हातात भाकरीचा तुकडा धरायचा, 'बस' म्हणायचं, बसला की द्यायचा. अन् हाक? लोक कुत्र्याला यू-यू करतात. ही म्हणायची, "या राजे, या!" मी चिडवायचो — मला तरी कधी इतक्या मानानं बोलावलं का गं? दोन महिन्यांत तो निम्मा सुधारला होता. पण निम्माच. अन् मला दम कुठं निघतो?

एका रविवारी दाजी आले, माझ्या बहिणीचे मालक. इस्त्रीचे पांढरे कपडे. राजानं त्यांना बराबर शेळ्यांच्या लेंड्यांत नेऊन उभं केलं. ओट्यावर चार माणसं बसलेली, सगळी खो-खो हसली. दाजी जाताना मला म्हणाले, "एक कुत्रं आवरंना तुझ्याच्यानं!" एवढंच. पण मला लय लागलं ते. उगंच? हो, उगंच.

त्याच आठवड्यात सुमन माहेरी गेल्ती, अंतरवाली सराटीला, चार दिवस. अन् मी —

मी ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा घेतला. फाटकाबाहेर जायचो, कडी वाजवायचो. पाहुणाही मीच अन् मालकही मीच — मोठ्यानं म्हणायचो, "या, पाहुणे, या!" ते येडं शेपूट हलवत धावत यायचं. अन् मी मारायचो. दिवसातून पाच-सहा वेळा. पहिल्या दिवशी त्याला खेळच वाटला, मार खाऊनसुद्धा परत पळत आला. परत मारला. चौथ्या दिवशी नुसतं 'या' म्हटलं की तो खाटेखाली. मला काय वाटलं असंल? अभिमान वाटला हो, अभिमान!

'या' हा शब्द तिचा होता, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई.

सुमन आली. फाटकातच पिशवी खाली ठेवून तिनं हात पसरले — "या राजे, या!" राजा खाटेखाली शिरला अन् तिथंच मुतला. आधी ती हसली, "रुसला गं बाई!" दुसऱ्या दिवशी हसली न्हाई. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मी त्याला टाकून गेले, असं वाटलं असंल का हो?" तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणालो, "असंल. लय वाट बघत होता तुझी."

पुढच्या साली धनगरमामा परत आले. त्यांनी खाटेखाली वाकून बघितलं. म्हणाले, "ह्याला कुणीतरी मारलंय." सुमनच घाईघाईनं बोलली, "न्हाई मामा, माझंच चुकलं. मी चार दिवस सोडून गेल्ते." मामांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं, बिलकुल कळलं होतं. अन् मी काय केलं? चहाची कपबशी पुढं केली.

तेव्हापासून सुमन माहेरी मुक्कामाला राह्यली न्हाई. सकाळच्या एसटीनं जायची, संध्याकाळच्या एसटीनं माघारी. शेवटच्या आजारात सासूबाई तिचा हात धरून म्हणाल्या होत्या, एक रात तरी राह्य. "राजा परत बिथरंल, माय," म्हणून ही निघून आली. घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा मी फाटकापाशीच उभा होतो. तेव्हा तरी? न्हाई. तेव्हाबी न्हाई. आठ दिवसांत सासूबाई गेल्या. ती रडून रडून म्हणत होती, का न्हाई राह्यले मी, का न्हाई राह्यले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो.

नळीचा तो तुकडा मी त्याच साली कपाशीतल्या ठिबकला जोडून टाकला. पाणी नीट जातंय त्यातून.

पाहुणे अजून येतात. म्हणतात, किती शहाणं कुत्रं, आवाज न्हाई न् काही न्हाई. मी मान हलवतो. ते गेले की सुमन खाटेपाशी भुईवर बसती. 'या' म्हणायचं तिनं कधीच सोडलंय. नुसता भाकरीचा तुकडा पुढं करती अन् थांबती, कितीबी वेळ. राजा सरपटत बाहेर येतो. अन् भाकरी तोंडात धरायच्या आधी, रोज, एकदा माझ्या हाताकडं बघतो.