बेडूक सोडून बी.एस्सी.

"बेडूक कापाव लागते का नाई, तेवढं सांगून टाका सर. मंग आमी आमच्या वाटेनं जातो."

अनसिंगचे गुलाबचंदजी माझ्या टेबलासमोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते. हातात फिरकीचा पितळी तांब्या होता. जैन माणूस, बाहेरचं पाणी पीत नसत, घरचं गाळलेलं पाणी सोबत आणत. त्यांच्या मागे त्यांची मुलगी कांचन उभी होती आणि ती आमच्या दोघांकडेही बघत नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि मी तिथल्या एका लहानशा कॉलेजात बॉटनी, म्हणजे वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की कॉलेजच्या व्हरांड्यात टेबलं मांडली जात. एक आर्ट्सचं, एक कॉमर्सचं, एक सायन्सचं. सायन्सच्या टेबलावर मी बसायचो. मुलांना ग्रुप समजावून सांगणं हे माझं काम. ग्रुप म्हणजे एकत्र घ्यायचे तीन विषय. आवडेल तो विषय उचलला आणि नको तो ठेवून दिला, असं चालत नसे. आमच्याकडे बॉटनी हवी असेल तर केमिस्ट्री आणि झूलॉजी घ्यावीच लागे. झूलॉजी आली की डिसेक्शन आलं. बेडूक ट्रेमध्ये उताणा ठेवायचा, पोट उघडायचं आणि आतली रचना दाखवायची.

"हो, कापावा लागतो," मी म्हणालो. खोटं सांगून काय उपयोग? पहिल्याच टर्ममध्ये उघडं पडलं असतं.

"मंग झालं. बी.ए.ले टाकतो इले. नाई तं घरीच बरी."

कांचनने वाद घातला नाही. ती माझ्या टेबलावरच्या दगडाकडे बघत होती. कागद उडू नयेत म्हणून मी तो ठेवला होता. मंगरूळपीरच्या रस्त्यावरच्या एका टेकडीवरून उचलून आणलेला काळा दगड, त्याच्यावर राखाडी-हिरवे पापुद्रे चिकटलेले.

"सर, हे दगडफूल हाये न? आमच्या किराणा दुकानात मसाल्याले येते तसं?"

"त्याच्याच जातकुळीतलं आहे."

"याले मूळ कुठं असते?"

इतकी वर्षं मी त्या दगडाखाली कागद दाबत होतो. एकाही विद्यार्थ्याने, एकाही सहकाऱ्याने त्याच्याबद्दल चकार शब्द विचारला नव्हता. मी उठलोच. रांगेतल्या बाकीच्यांना थांबा म्हटलं आणि बाप-लेकीला प्रयोगशाळेत घेऊन गेलो.

दुपारची आमची प्रयोगशाळा मला फार आवडायची. पोरं नसत. बरण्यांमधलं फॉर्मॅलिन उन्हात पिवळसर दिसायचं, पंखा आपल्याच नादात फिरायचा आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबाची सावली टेबलांवरून सरकत राहायची. तिथे बसलं की मला वेळेचं भान राहत नसे. स्टाफरूममध्ये माझी यावरून थट्टाही होई.

मी दगड खिडकीशी ठेवला, त्यावर थेंबभर पाणी सोडलं आणि कांचनच्या हातात भिंग दिलं. सुकलेले पापुद्रे पाणी पिऊन हळूहळू हिरवे व्हायला लागले. ती वाकून बघत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मलाही घाई नव्हती.

"सर, इथं तं जंगल हाये," ती हळूच म्हणाली. "वाटा हायेत. वाट्या हायेत बारक्या बारक्या."

मग गुलाबचंदजीही वाकले. तांब्या काखेत धरून त्यांनी एक डोळा मिटला आणि ते भिंगातून बघू लागले. आयुष्यभर किलोने विकलेल्या मालाकडे ते आज पहिल्यांदा असे बघत होते. त्यांचा चेहरा सैल पडला. मला वाटलं, जिंकलो.

आणि मी बोलून गेलो. "हे एकटं झाड नाहीच, गुलाबचंदजी. हा दोन जीवांचा संसार आहे. आत शेवाळ असतं, ते दोघांचा स्वयंपाक करतं. बाहेरून बुरशी असते, ती घर सांभाळते."

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"बुरशी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्यांच्या घरात कांदा-बटाटा शिजत नाही, दिवस मावळला की जेवण होत नाही, त्या घरात बुरशी कशी चालेल?

"आमच्या घरच्या मसाल्यात पडते हे," ते म्हणाले. "माह्या बापानं खाल्लं. मी खाल्लं. आन् अर्ध्या अनसिंगले विकलं."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. तांब्या उचलून ते निघाले आणि कांचन त्यांच्या मागे गेली. दारातून तिने एकदा त्या दगडाकडे वळून पाहिलं. मला इतकं वाईट वाटलं की रांगेतल्या पुढच्या मुलाला मी काय सांगितलं ते मलाच आठवत नाही.

झूलॉजीचे कादरी सर शेजारच्याच खोलीत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मंगरूळपीरचा माणूस, बोलणं सडेतोड.

"तुमाले बुरशीचं नाव घ्यायची काय जरूरत होती?" ते म्हणाले. "शेवाळावरच थांबायचं."

"सर, डिसेक्शनमधून सूट मिळेल का?" मी विचारलं.

"सूट नाई. पण प्रॅक्टिकलमध्ये सारे मार्क काई बेडकाचे नसतात. स्लाइड हायेत, हाडं हायेत, जर्नल हाये. बेडूक सोडला तर मार्क जातात. पोरगी पास होऊ शकते. फर्स्ट क्लासची बात मात्र भुलून जायची."

प्राचार्यांनाही विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "नियम विद्यापीठाचे आहेत, माझे नाहीत. प्रश्न सोडायला कुणाची परवानगी लागत नाही."

प्रवेश संपायच्या दिवशी, टेबलं आत न्यायला सुरुवात झाली असताना गुलाबचंदजी परत आले. मागे कांचन. या वेळी ते स्वतःहून खुर्चीवर बसले.

"दगडफुलाचा डबा गावाबाहेर टेकडीवर रिकामा करून आलो," ते म्हणाले. "जिथलं तिथं. पण सर, मंग दुकानात बसलो तं एकेका डब्याकडं पाहून राह्यलो. कोनात काय हाये, मले काय ठाऊक? महाराज सांगतात, जीव वाचवा. पण जीव कुठं हाये ते पाह्यनारं तं कोनी पायजे न घरात?"

मी नुसता प्रवेशाचा फॉर्म पुढे ओढला. एकदा बोलून झालं होतं.

"इले हे शिकवा. फक्त बेडूक नाई कापायचा."

मी कादरी सरांचं म्हणणं त्यांना सांगितलं. मग कांचनकडे वळून तिलाही नीट सांगितलं, कारण नुकसान तिचं होतं. फर्स्ट क्लास नसेल तर पुढे एम.एस्सी.ला जागा मिळणं जवळपास अशक्य. वरच्या अभ्यासाचं दार आजच बंद होणार.



"बाबूजी म्हनतात म्हनून नाई, सर," ती म्हणाली. "मलेच नाई कापायचा. पण दगडफूल मले पाह्यचंच हाये. जाऊ द्या मार्क."

मी फॉर्मवर सही केली.

पुढची तीन वर्षं सुखाची गेली. बॉटनीत हर्बेरियम करावं लागतं, म्हणजे झाडं मुळासकट उपटून, दाबून, सुकवून कागदावर लावायची. कांचनने एकही रोप स्वतः उपटलं नाही. शेतात बायकांनी निंदून बांधावर फेकलेलं तण ती वेचून आणायची, आणि तिचा संग्रह वर्गात सगळ्यात भरलेला होता. गुलाबचंदजी बाजाराच्या दिवशी वाशीमला आले की खिशातून पुड्या काढत. जायपत्री, नागकेशर, बडेशेप. लेक सूक्ष्मदर्शकाशी बसे, बाप शेजारी उभा. "जीव हाये?" "हाये बाबूजी. बियानं हाये हे, झोपलेलं." ते पुडी पुन्हा अलगद बांधत. कडुनिंबाची सावली टेबलावरून सरकत राही आणि मी तास घ्यायला विसरत असे.

शेवटच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले. प्रत्येक मुलाच्या ट्रेमध्ये क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक होता. कांचनचा ट्रे रिकामा होता. बाकीचे प्रश्न संपवून ती हात बांधून बसली होती.

"बेडूक का नाही घेतला?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, हा प्रश्न मी प्रवेशाच्या दिवशीच सोडला हाये."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कादरी सरांकडे पाहिलं आणि शून्य लिहिलं. बरोबरच होतं. तिनेही ते बरोबर मानलं.

परीक्षा संपल्यावर कादरी सर एक बरणी घेऊन कॉलेजमागच्या विहिरीकडे निघाले. मीही गेलो. तिच्या नावचा बेडूक त्यांनी जिवंतच ठेवला होता. बरणी आडवी केली तरी तो बराच वेळ काठावर बसून राहिला. आम्हीही बसलो. मग त्याने उडी मारली.

निकाल आला. फर्स्ट क्लास हुकला. एम.एस्सी.ला जागा मिळाली नाही. घरी कळल्यावर ती रडली, असं गुलाबचंदजींनीच मला सांगितलं. त्यानंतर मंगरूळपीरच्या एका शाळेत तिला विज्ञान शिकवायची नोकरी लागली. जाताना मी तिला तो टेकडीवरचा दगड दिला. माझे कागद वर्षभर उडत होते.

सायन्सचं टेबल मी पुढेही बरीच वर्षं सांभाळलं. कोणता कोर्स घेऊ, असं विचारत मुलं येत. पूर्वी मी त्यांना तुला काय आवडतं असं विचारायचो. कांचननंतर मी विचारू लागलो, "यात कशाचे मार्क सोडायची तुझी तयारी आहे?" उत्तर लगेच आलं की मी सही करायचो. नाही आलं, तर कॉमर्सचं टेबल शेजारीच होतं.