वाचक मयत

फोनवरचा माणूस वाईट नव्हता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं मी रागानं लिहिणार आहे. तो म्हणाला, "ताई, यादी सरकारी हाय. यादीत नाव नसंल तर दगडावर कसं घ्यायचं? एखादा कागद आणा."

लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या अलीकडं, माझ्या मामाचं गाव आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेल्या माणसांच्या नावांचा दगड तिथं आता, इतक्या वर्षांनी, उभा राहायचा होता. गावानं समिती केली, दगड आणला, कोरणारा ठरवला आणि नावं सरकारी यादीतून उतरवून घेतली. त्या यादीत माझा मामा आहे, मामी आहे, त्यांचे दोन्ही मुलगे आहेत. माझी अक्का, माझी थोरली बहीण, नाही. ती त्याच घरात, त्याच भिंतीखाली गेली. नऊ वर्षांची होती. गणपतीसाठी मामाकडं राहायला गेली होती. मीही जाणार होते, पण मला ताप आला म्हणून आईनं मला ठेवून घेतलं.

ती यादी शिधापत्रिकांवरून केली होती. मामाच्या कार्डावर चार नावं होती आणि घरातून चार माणसं गेल्याची नोंद झाली. कुणाला काही खटकलं नाही. अक्काचं नाव आमच्या कार्डावर होतं, आणि आम्ही राहत होतो कळंबजवळच्या एका खेड्यात. तिथं त्या पहाटे मांडणीवरची भांडी वाजली, बस. तिथं यादी करायला कुणी आलंच नाही. पाहुणी म्हणून गेलेलं पोर कोणत्या गावानं मोजायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. म्हणून ते कुणीच मोजलं नाही.

दगडाची बातमी आईला तिच्या माहेरच्या एका बाईकडून कळली. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिचं नाव तेवढं बघ." आईनं याआधी माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. कोरायला पुढच्या महिन्यात घेणार होते. एकदा कोरून झाल्यावर मध्ये नाव घालता येणार नाही, असं समितीच्या त्या फोनवरच्या माणसानं मला दोनदा बजावलं होतं.

कागद म्हणजे दोन गोष्टी हव्या होत्या. अक्का होती याचा एक, आणि ती तिथं गेली याचा एक. पहिला सोपा वाटला. मी आमच्या जुन्या गावच्या शाळेत गेले. अप्पा त्याच शाळेत मास्तर होते. आता तिथं तरुण मुख्याध्यापक आहेत. त्यांनी चहा मागवला, कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, पुठ्ठ्यावरची धूळ रुमालानं पुसली आणि माझ्यासमोर ठेवलं. अक्काचं नाव सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. नाव, जन्मतारीख, जन्मगाव. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण: सतत गैरहजर असल्याने नाव कमी केले.

अक्षर अप्पांचं होतं.

मुख्याध्यापकांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर बघा मॅडम, मोत्यासारखं. आता असं लिहिणारे राहिले नाहीत." मी हो म्हटलं. चहा पूर्ण प्याले. कपबशी टेबलावर ठेवताना तिचा आवाज होऊ नये याची मी काळजी घेतल्याचं आठवतं.

इथं मला थोडं थांबून सांगितलं पाहिजे. अप्पा गेल्यापासून मी त्यांचा शोक नीट, शिस्तीनं करत होते. त्यांची पुस्तकं मी एकेक वाचून, पुसून, धाराशिवच्या वाचनालयाला दिली होती. त्यांनी समासात पेन्सिलीनं केलेल्या खुणा वाचत मी संध्याकाळी बसायची आणि मला बरं वाटायचं. हा माणूस सगळं लिहून ठेवणारा होता. कोणत्या झाडाला कोणत्या साली किती आंबे आले, हेसुद्धा. अक्काबद्दल त्यांनी कुठं काही लिहिलेलं नव्हतं, आणि ते मी आजवर दुःख समजत आले होते. घरात तिचं नाव काढलं की अप्पा उठून बाहेर जायचे. आम्ही गप्प बसायला शिकलो. आई तर माझ्यासमोरसुद्धा तिला "ती" म्हणते. आणि आता कळलं की त्यांनी लिहिलं होतं. एकच ओळ लिहिली होती, आणि ती खोटी होती. शाळेत न येणाऱ्या, शेण्या थापायला घरी बसवलेल्या पोरींसाठी जी ओळ लिहितात, ती.

त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्या फोटोकडं पाहिलं नाही. हार सुकला, मी बदलला नाही. आईनं बदलला.

दुसऱ्या कागदासाठी मी धाराशिवच्या वाचनालयात बसले. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मला त्या वेळच्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली काढून दिल्या. पानं इतकी पिवळी की उलटताना कोपरे हातात यायचे. दोन दिवस वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यात आकडे आहेत, मंत्र्यांचे दौरे आहेत, परदेशातून आलेल्या तंबूंचे फोटो आहेत, पण नावं नाहीत. मी फाइल जरा जोरात मिटली असावी. बाई उठून आल्या. मी काय शोधते आहे ते त्यांनी विचारलं आणि मी, सहसा न बोलणारी, त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की मामाच्या गावात एक छोटं वाचनालय आहे, आणि तिथला जुना ग्रंथपाल कागदाचा कपटासुद्धा टाकत नाही. दरवर्षी तपासणीला तो पोत्यातून कागद आणतो म्हणून सगळे त्याला हसतात. त्यांनी माझ्यादेखतच त्याला फोन लावला.

नव्या गावाचे रस्ते सरळ आहेत आणि घरांना नंबर आहेत. वाचनालय म्हणजे समाजमंदिराला लागून एक खोली, वर पत्रे. ग्रंथपाल सत्तरीच्या पुढचे, डोक्याला टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी मामाचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे तुम्ही धाकल्या. तुमच्या अक्कांनी आमचं पुस्तक बुडवलंय."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी खालच्या फडताळातून कापडात बांधलेलं देवघेवीचं रजिस्टर काढलं. जुनं वाचनालय पडलं तेव्हा लोखंडी कपाट आडवं झालं, पण त्याचं दार उघडलं नाही, म्हणून आतलं वाचलं. त्यांचा एक नियम होता. सभासद पोराटोरांना पुस्तकं आणायला पाठवायचे आणि मग आपण नेलंच नाही म्हणायचे. म्हणून सभासद कुणीही असो, जो हातात पुस्तक घेऊन जाईल त्यानं आपलं नाव घालायचं. लोक त्यांना चिक्कू म्हणायचे. ते म्हणाले, "म्हनू द्या. आज बघा, तुमच्या कामाला आलं का न्हाय?"

मामाच्या सभासद क्रमांकापुढं, प्राण्यांच्या गोष्टींचं एक पुस्तक, आणि त्यापुढं अक्काची सही. पेन दाबून धरल्यामुळं अक्षरं कागदाच्या पाठीमागं उमटली होती. तारीख गणपतीतलीच. पुस्तक परत आल्याचा रकाना कोरा.

मी म्हटलं की यावरून ती गावात होती एवढंच कळतं. पण समितीला ती गेल्याचा कागद हवा आहे.

"दम धरा की," ते म्हणाले. "पुस्तक गेलं तर आमाला असंच सोडतात व्हय?"

मग त्यांनी मला सांगितलं ते असं. वाचनालयाचं एखादं पुस्तक हरवलं तर ते नुसतं हरवलं म्हणून चालत नाही. दाखल रजिस्टरातून ते कमी करायला ठराव लागतो, प्रत्येक पुस्तकापुढं कारण लागतं, आणि ती यादी जिल्ह्याच्या कार्यालयाकडून मंजूर होऊन यावी लागते. नाहीतर अनुदान अडतं. भूकंपानंतर लोक तंबूत राहत असताना या माणसानं, ज्याची स्वतःची आई गेली होती, पुस्तकांची यादी केली. बहुतेकांपुढं कारण होतं, ढिगाऱ्यात नष्ट. पण काही पुस्तकं वाचकांच्या घरी होती. त्यांची कारणं त्यांना वेगळी लिहावी लागली, कारण कार्यालयातून विचारणा आली की ही पुस्तकं वाचकांकडून वसूल का केली नाहीत.

त्यांनी पोत्यातून ती यादी काढली. टाइप केलेली, खाली ठराव, सह्या, गोल शिक्का, मंजुरीचं पत्र जोडलेलं. मधल्या पानावर त्यांनी बोट ठेवलं. दाखल क्रमांक. प्राण्यांच्या गोष्टी. पुढं मामाचं नाव, यांची भाची, आणि अक्काचं नाव. कारण: वाचक मयत.

मी ते वाचलं आणि मला रडू आलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला संताप आला. अख्ख्या जिल्ह्यात, इतक्या तंबूंमध्ये, इतक्या साहेबांमध्ये, माझी बहीण मेली याची नोंद एकाच कागदावर झाली, आणि तीही पातळ पुठ्ठ्याच्या एका पुस्तकाचा जाब द्यायचा होता म्हणून. तिनं ते पुस्तक नेलं नसतं तर तिची नोंद कुठंच नसती. पुस्तकाचं काय झालं हे विचारणारं एक कार्यालय होतं. तिचं काय झालं हे विचारायला कुणी आलं नाही, आणि ज्यानं सांगायला हवं होतं त्यानं "गैरहजर" लिहिलं.

ग्रंथपालांनी मला झेरॉक्सवर सही-शिक्का करून दिला. निघताना म्हणाले, "मास्तर आल्ते तवा. तिसऱ्या दिवशी. मी त्यांना म्हनलं, पोरीचं नाव घाला यादीत. न्हाय म्हनले." का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

घरी येऊन आईला विचारलं. मी तिच्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. शाळेतल्या रजिस्टरातली ओळ तिला जशीच्या तशी ऐकवली. मला वाटलं तिला ती ठाऊक नसेल.

"ठाऊक हाय मला," आई म्हणाली. "मयत लिहायला दाखला लागतो. दाखला काढायचा तर तिथं रांगेत उभं राहायचं. तिथं मदतीचे पैसे वाटत होते. मास्तर पोरीच्या नावानं पैसे उचलायला आले, असं कुणी म्हणंल, म्हणून गेले न्हाईत."

"पैसे नको म्हणता आले असते. नाव तरी घालायचं."

"मीबी तेच म्हणले होते."

"मग?"

"मग काय. त्या वर्षी दप्तर तपासायला साहेब येणार होते. हजेरीत रोज गैरहजर लागत होती. एक दिवस नाव कमी करून आले." आई पुढं म्हणाली, "मला घरी येऊन सांगितलं. जेवले न्हाईत. मी म्हणले, बरं केलं, आता ती कुठंच न्हाय. त्यानंतर मी त्यांच्याशी कितीतरी महिने बोलले न्हाय. तुला आठवत नसंल."

मला आठवत नव्हतं. मला आठवतं ते असं की आमचं घर फार शांत होतं, आणि मला त्या शांततेत वाचायला आवडायचं.

लोक काय म्हणतील, एवढ्यासाठी. मी या वाक्याशी अजून झगडते आहे. अप्पा लबाड असते, भित्रे असते, तर मला सोपं गेलं असतं. ते ताठ होते. गावात त्यांच्या ताठपणाची अजून तारीफ होते. त्या ताठपणाची किंमत त्यांनी स्वतःजवळचं काही देऊन चुकवली नाही. नऊ वर्षांच्या पोरीचं नाव देऊन चुकवली, आणि आईला त्यात विचारलं नाही.

समितीचा छापील अर्ज आणला होता. मयताचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. मी पहिला रकाना भरला. दुसऱ्यावर थांबले. आईला म्हटलं, इथं मी तुझं नाव लिहिते. आजकाल चालतं. कुणी हरकत घेतली तर मी भांडेन.

आईनं अर्ज पुढं ओढून पाहिला. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, तरी पाहिला.

"त्यांचं घाल," ती म्हणाली. "बिनबापाची होती का ती?"

"बापानं काय केलं ते तू आत्ताच सांगितलंस."

"सांगितलं. तरी घाल. माझा राग माझ्यापाशी हाय. तिला त्यातलं काय ठाऊक? तिचे ते अप्पाच होते."

मी लिहिलं. तिचं ऐकलं म्हणून लिहिलं, पटलं म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मामाच्या गावी गेले. फोनवरचा माणूस ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसला होता. त्यानं वाचनालयाची यादी दोनदा वाचली, शिक्का बोटानं चाचपला आणि कागद भक्कम असल्याचं मान्य केलं. मग अर्ज घेतला आणि अप्पांच्या नावापाशी आला. त्याचा चेहरा एकदम खुलला. तो सरकून बसला, मला जागा करून दिली, कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं.

"मास्तरांची पोरगी व्हय? आपल्या गावचे जावई की. लई सच्चा मानूस. अवो, आधी का न्हाय सांगितलं? मास्तरांनी एक शब्द टाकला असता तर कागदबिगद काय लागला नसता."

"त्यांनीच टाकला नाही," मी म्हटलं. "तीस वर्षं ते जिवंत होते."

पाणी आलं, ते मी घेतलं नाही. मग त्यानं खाली मान घालून यादीत, मामाच्या धाकट्या मुलाच्या नावाखाली बाण काढून, अक्काचं पूर्ण नाव लिहिलं आणि नीट वाचून दाखवा म्हणाला. मी वाचून दाखवलं. तिन्ही शब्द.