सिलतऱ्याची धूळ

रायपूरजवळच्या आमच्या बीरगावात डोळा लाल झाला की लोक डॉक्टरकडं जात नाहीत, शेजारच्या सिलतऱ्याले शिव्या देतात. शिव्या काही फुकटच्या नाहीत. तिथल्या लोखंडाच्या कारखान्यांची काळी धूळ दोरीवरच्या कपड्यांवर, वाळत घातलेल्या पापडांवर, सगळीकडं बसते. म्हणून आमच्या फ्रिजच्या दारात डोळ्यात टाकायच्या थेंबांची एक लहान बाटली कायम ठेवलेली. मेडिकलवाला भैया बिनाचिठ्ठीची देऊन टाकते. दोन थेंब टाकले की लाली उतरते.

बाबा सिलतऱ्यातच कामाले होते. एकदा ताप-खोकल्यातून उठले अन् उजवा डोळा लाल झाला. आई पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ थेंब टाकत होती, एक खेप चुकवली नाही. लाली गेली, पण डोळ्यात फूल पडलं अन् त्या डोळ्यानं दिसणंच बंद झालं. बाबा आजही कारखान्याच्या नावानं बोटं मोडून राहिले.

मागच्या हिवाळ्यात मले खोकला झाला. सहाव्या दिवशी एकच डोळा लाल, उजेड सुईसारखा टोचे. आईनं बाटली आणली. मीही मोठी शहाणी, तीन दिवस टाकत राहिली. अक्षरं पुसट दिसाले लागली तेव्हा रायपुरात डोळ्याच्या डॉक्टरीणबाईकडं पळाली. तिनं विचारलं, "घरात आणखी कोणाले झालं होतं?"

"बाबाले. पण ते धुळीनं झालं."

"एकाच डोळ्याले? खोकल्यानंतर?"

मी मान हलवली. ती म्हणे, ही धूळ नाही, विषाणू आहे, अन् तो पुष्कळ लोकांच्या अंगात निजून असते. काही घराण्यांत त्याले दाबून ठेवायची ताकद जन्मापासूनच कमी असू शकते. मग ताप-खोकला झाला की तो उठते अन् डोळा धरते. अन् हे थेंब लाली घालवतात, पण विषाणूले रान मोकळं करून देतात. मग तिनं विचारलं, "लेकरं किती?"

एक पोट्टी. नऊ वर्षांची.

घरी येऊन मी बाटली कचरागाडीत फेकली. आईले एवढंच म्हणली, मले दुसरी दवाई दिली. खरं सांगायची छाती झाली नाही. ज्या हातानं तिनं बाबाची सेवा केली, त्याच हातानं काय केलं हे तिले कोणत्या तोंडानं सांगू? आता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

या महिन्यात पोट्टीले खोकला झाला. रोज सकाळी मी तिले खिडकीपाशी नेऊन डोळे पाहत होती. "मम्मी, फिर से?" म्हणून ती वैतागे. पाचव्या दिवशी तिले आईजवळ सोडून ऑफिसले गेली. दुपारी परतली तर खोलीचे पडदे लावलेले, अन् पोट्टी एका डोळ्यावर हात धरून बसलेली.

आई म्हणे, "तू गेली अन् डोळा लाल झाला तिचा. बाटली संपली होती वाटते, मेडिकलमधून नवी आणली. दोनदा टाकली. पाह्य, लाली उतरली."

मी पोट्टीचा हात बाजूले केला. डोळा पांढरा स्वच्छ होता. मी पडदा जरासा सरकवला तर पोट्टी किंचाळली.

"आई, ते थेंब कोणाच्याच डोळ्यात टाकायचे नव्हते," मी म्हणली. "डॉक्टरीणबाईनं तेव्हाच सांगितलं होतं."

आई हातातल्या बाटलीकडं पाहत राहिली.

"अन् तुझ्या बाबाच्या..." एवढंच बोलली.

मी पोट्टीले उचललं अन् स्कुटीची किल्ली शोधाले लागली.