कादंबरीतले दोन हरवलेले भाग

उटनूरच्या एका कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झाले, तेव्हा मला तेलुगू बोलता यायचं. वाचताना मात्र ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवावं लागे. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या शिवेला लागून. राज्य आंध्र प्रदेश, पण घर मराठी, शाळा मराठी, शेतातली माणसं मराठी. माझं तेलुगू आदिलाबादच्या बाजारातलं: केवढ्याला, नको, उद्या येते. आणि नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं की ठरलेल्या मुदतीत तेलुगूची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नाही. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात काम केलेलं. घरातली पहिली सरकारी नोकरी माझीच. ती एका लिपीपायी जाईल या विचारानं माझं जेवणावरून मन उडालं होतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयानं मोठ्या बाई बसत. गोदावरीपलीकडच्या, बदली होऊन आलेल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी आठवड्याभरात अक्का म्हणू लागले. शाळेचं पहिलीचं पुस्तक मी ड्रॉवरमध्ये लपवून वाचते, हे त्यांनी बघितलं.

"हे वाचून कोणी भाषा शिकतं का, अम्मायी?" त्या म्हणाल्या; अम्मायी म्हणजे पोरी. "पुढं काय झालं असं वाटलं पाहिजे. मग डोळे आपोआप पळतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाडजूड बाड आणलं. एका साप्ताहिकात वर्षानुवर्षं चाललेली कादंबरी. अक्कानं दर आठवड्याची पानं कापून, दाभणानं शिवून, त्याला कापडाचा पुठ्ठा लावला होता. काही पानांच्या मागे केसांच्या तेलाच्या जाहिराती होत्या.

कादंबरीत सात राजघराणी होती, उडते डोंगर होते आणि एक विलक्षण जादू होती. मांत्रिकानं एखादा शब्द मंत्र म्हणून उच्चारला की ती वस्तू समोर यायची, पण तो शब्द त्याच्यापासून कायमचा जायचा. एकदा 'आग' म्हणून आग लावली की पुढं तो शब्द जिभेवर येणार नाही, कोणी म्हटला तरी कळणार नाही. त्यामुळे तिथले मांत्रिक फार जपून बोलत. सगळ्यात थोर मांत्रिक जवळजवळ मुका होता. मी खोलीवर, बसमध्ये, डबा खाताना वाचत राहिले. मला रोज दहा शब्द मिळत होते आणि त्या लोकांचे रोज दहा जात होते.

गंमत म्हणजे मोठे शब्द मला लवकर लागले. खड्गम्, सैन्यम्, सिंहासनम्, हे तर आपलेच. अडायचे ते झाडू आणि कडीकोयंड्याचे. त्याचा परिणाम लवकरच दिसला. एका वसतिगृहाची कुंपणाची भिंत पडल्याचं पत्र तयार करायला मला सांगितलं. मी मोठ्या ऐटीत लिहिलं, 'प्राकारम् ध्वंसम् अयिंदि.' साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"किल्ल्याचा तट पाडला म्हणता. शत्रू कोणत्या बाजूनं आला?"

अक्का पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मी मात्र खूश होते. पत्र चुकलं होतं, पण ते मी कोणाला न विचारता लिहिलं होतं.

रविवारी गावी गेले की बाबांना गोष्ट सांगायचे. पहिल्या वेळी ते चिडले. आम्ही बौद्ध; देवऋषी, गंडेदोरे सगळं बाबांनी घराबाहेर काढलेलं.

"नोकरीले लागली अन् जादूटोण्याचं वाचून राह्यली तू?"

"बाबा, तेलुगू शिकून राह्यली मी."

"मंग शिक. पण खरं नको समजू."

पण पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, "तो मुका काय करून राह्यला?" त्यानंतर मी बसमधून उतरून हातपाय धुवायच्या आत ते खाटेवर येऊन बसू लागले.

बाडाच्या मध्यावर एक पोरगी आली. कादंबरीचा नायक असलेल्या धाकट्या राजपुत्राबरोबर पाण्याची पखाल वाहून नेणारी, हमालांच्या वस्तीतली. एकदा वाळवंटात सगळे तहानेनं पडलेले असताना ती डोळे मिटून 'पाणी' म्हणते. काहीच होत नाही. राजपुत्र तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि हळुवारपणे सांगतो, हे रक्तात असावं लागतं, सात घराण्यांच्या. मग तो स्वतः दुसरा एक शब्द खर्चून झरा काढतो आणि लेखक दोन पानं त्या झऱ्याचं वर्णन करतो. वर्णन सुंदर होतं. मी ते अर्ध्यावर सोडलं.

रविवारी बाबांना तेवढं सांगितलं.

"तिचा शब्द तर बरोबर होता ना? मंग काऊन नाही जमलं?"

"रक्तात नव्हतं म्हणे."

"ज्यानं लिवलं त्याले विचार हे," असं म्हणून ते उठून गेले.

सोमवारी मी बाड अक्काच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, मला पुढं वाचायचं नाही.

"का? आता तर युद्ध सुरू होतंय!"

मी कारण सांगितलं. इतकी नवी जादू ज्याला सुचली, त्याला एवढं जुनंच का सुचावं, असं काहीसं बोलले. तेलुगूत बोलत होते, त्यामुळे जरा जास्तच रोखठोक झालं असेल. अक्काचा चेहरा पडला. "गोष्ट आहे ती, अम्मायी. गोष्टीतही तुम्ही लोक…" एवढं बोलून त्या थांबल्या. ते अर्धं वाक्य आमच्या दोन टेबलांमध्ये चार दिवस पडून होतं. चहाला त्या एकट्या गेल्या, मीही एकटीच.

पाचव्या दिवशी त्या माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. डोळे जागरणानं लाल.

"तीन वेळा वाचलीय मी ही. पण ती पोरगी मला आठवतच नव्हती. तू म्हणालीस म्हणून पुन्हा बघितलं. ती आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी त्या दिवशी बोलले ते बरोबर नव्हतं."

मी बाड परत घेतलं.

पुढं खरोखरच मोठं युद्ध होतं. राजपुत्र एकेक शब्द जाळत जातो, शेवटी शत्रू हरतो आणि हा रणांगणात पूर्ण मुका उभा राहतो. पुढच्या पानावर त्याचा राज्याभिषेक, आणि त्यात त्याचं चार पानी भाषण.

"अक्का, हा बोलतो कसा?"

अक्कानं पानं उलटून पाहिली. "मधले दोन भाग नाहीत. त्या पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावरून पाणी होतं, दोन आठवडे साप्ताहिकच आलं नाही." मग त्या हसू लागल्या. "तीन वेळा वाचलं, पण तो बोलतो कसा हे कधी मनातच आलं नाही. राजा आहे, बोलणारच!"

आदिलाबादला बसस्टँडजवळ भाड्यानं कादंबऱ्या देणारं एक दुकान होतं. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी गेलो. कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. अक्का साडी सावरत, मी पुढं वाट काढत. कादंबरीचं छापील पुस्तक तिथं होतं. दुकानदार हिंदीत म्हणाला, दो दिन में वापस. आम्ही स्टँडच्या बाकावर बसलो. मी मोठ्यानं वाचलं, अक्कानं ऐकलं.

मुक्या राजपुत्राला सगळे सोडून जातात. ती पोरगी त्याला आपल्या झोपडीत नेते. तिचे शब्द सगळे शाबूत असतात. ती त्याच्यापुढं पान धरते आणि म्हणते, पान. भाकरी धरते आणि म्हणते, भाकरी. गेलेला शब्द कायमचा गेला असंच सगळे मानत आलेले, पण तो बाळासारखा हळूहळू म्हणू लागतो. परत शिकलेल्या शब्दांत जादू मात्र उरत नाही. बोलता येतं, बस. वाचताना माझा आवाज अडखळला, पण लिपीमुळे नाही. अक्का रस्त्याकडे बघत होत्या.

ते दोन भाग मी दोन दिवसांत वहीच्या कागदांवर उतरवून काढले. बोटं दुखली. अक्कानं चार ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि तो कागदांचा गठ्ठा बाडात योग्य जागी शिवला.

मला मात्र पुरतं समाधान झालं नव्हतं. इतका सुंदर प्रसंग लिहिणाऱ्याचे आभार मानावेत असं वाटे, आणि राज्याभिषेकाची पानं पुन्हा पुन्हा शोधूनही त्या पोरीचा उल्लेख सापडत नसे, तेव्हा त्याच्याशी भांडावंसं वाटे. बाबांना सगळं सांगितलं.

"राजाले शिकवलं तिनं. म्हंजे मास्तरीण झाली ते," बाबा खुशीत म्हणाले. मग म्हणाले, "गादीवर बसला तवा होती का ते तिथं?"

"नाही बाबा."

"बलावलं नसन," बाबा म्हणाले, आणि त्यांनी बिडी पेटवली.

परीक्षेचा लेखी भाग बरा गेला. तोंडी परीक्षेत दोन परीक्षक होते. त्यांनी विचारलं, अलीकडे काय वाचलं? मी कादंबरीचं नाव सांगितलं. काय आवडलं, विचारलं, सांगितलं. काय आवडलं नाही, हे त्यांनी विचारलंच नव्हतं, तेही सांगितलं. किती वेळ बोलले कोण जाणे. एक परीक्षक पेन खाली ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आम्हाला तुमचं तेलुगू तपासायचं होतं बाई, लेखकाला नाही." दुसरे म्हणाले, "पण मुद्दा बरोबर आहे."

निकाल लागला. मी पास झाले. अक्कानं पेढ्यांऐवजी घरून बोब्बट्लू, म्हणजे त्यांच्याकडच्या पुरणपोळ्या, करून आणल्या, आणि कचेरीत सगळ्यांना वाटल्यावर माझ्या टेबलावर आणखी एक बाड ठेवलं.

"हे मी अजून वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आधी तू वाच. मग मला सांग, कोण कोण राहून गेलंय."