फळ्यावरची गणितं

हडपसरला माझे गणिताचे क्लास आहेत. दिवसभर बोलायचं आणि त्याचीच फी घ्यायची, हा माझा व्यवसाय. त्यामुळे आठवीतल्या माझ्या मुलीचे गणिताचे मार्क घसरायला लागले, तेव्हा मला जे येतं तेच मी केलं. बोललो.

रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी तिला उदाहरणं घालायचो. ती सगळी बरोबर सोडवायची. शाळेतल्या चाचणीत मात्र तसलीच उदाहरणं चुकायची. "घरी येतं आणि शाळेत येत नाही, म्हणजे लक्ष नाही. मोबाइल, दुसरं काय!" असा निकाल मी देऊन टाकला. ती "पण बाबा..." म्हणायची आणि पुढचं वाक्य मीच पूर्ण करायचो. बायको एकदा म्हणालीसुद्धा, "अरे, तिला बोलू तरी दे."

अशातच माझी अक्कलदाढ ठणकायला लागली आणि काढायची ठरली. बायको ऑफिसात, म्हणून मुलगी सोबत आली. दाढ निघाल्यावर डॉक्टरांनी तिथे कापसाचा बोळा ठेवला.

"अर्धा तास घट्ट दाबून धरायचा. अजिबात बोलायचं नाही. जमेल ना?"

शेवटचा प्रश्न त्यांनी माझ्या मुलीकडे बघून विचारला.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच बसलो होतो. थोडा वेळ गेला आणि ती म्हणाली, "बाबा, माझं काहीतरी बिघडलंय."

बोलायला गेलो, तर बोळा सरकला. तोंड मिटून घेतलं. एरवी तेवढ्यात मी चार प्रश्न विचारले असते. आता नुसता तिच्याकडे बघत राहिलो.

"मला फळा दिसत नाही."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. बाई चाचणीची उदाहरणं फळ्यावर लिहून द्यायच्या. आधी ती शेजारच्या मैत्रिणीच्या वहीत बघून उतरवून घ्यायची, पण आता वर्गात सगळ्यांच्या जागा बदलल्या होत्या.

"मला तीनचा आठ दिसतो, बाबा. माझं उत्तर बरोबर येतं, पण ते वेगळ्याच उदाहरणाचं असतं." तिचे डोळे भरून आले. "माझं आजीसारखं होणार का रे?"

माझ्या आईचा एक डोळा काचबिंदूने गेला होता. ही पोर इतके दिवस ती भीती एकटीच घेऊन शाळेत जात होती. मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली आणि तिचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिने आधी आजीचंच विचारलं. त्यांनी नीट तपासलं. "साधा चष्म्याचा नंबर आहे. आजीचा आजार वेगळा, तसलं काही हिला नाही." तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी न कंटाळता तेच उत्तर पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा मला विचारावंसं वाटत होतं. बाहेर आल्यावर जिन्यातच आम्ही दोघं उगाचच हसत सुटलो.

चष्मा तयार झाला त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरून येताना स्कूटरच्या मागच्या सीटवर पाट्यांचं वाचन चालू होतं. "'गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल. आमच्याकडे पंप नाही.' बाबा, असं खरंच लिहिलंय!"

पुढे सिग्नलला थांबलो, तेव्हा ती म्हणाली, "ती मैत्रीण आहे ना, ती आता माझ्याशी बोलतच नाही."

माझ्याकडे यावर चांगले तीन उपाय तयार होते.

"मग?" मी म्हटलं.

घर येईपर्यंत ती बोलत होती. पार्किंगमध्ये गाडी लावून झाली तरी आम्ही तिथेच उभे होतो.