पाचवा आवाज

ऐंशी सालच्या आसपास प्रताप नगरात माझ्या खोलीला लागून एक काका एकटेच राहायचे. सर्कस आली किंवा साड्यांचा सेल लागला, की रिक्षावरच्या भोंग्यासाठी ते जाहिरातीची कॅसेट भरून द्यायचे. जाहिरात चौघं म्हणायचे, आणि ते चौघंही काकाच. 'वाघ पाहा, हत्ती पाहा, नाही तर घरी भिंती पाहा!' हे आधी एका टेपवर भरायचं. मग ते वाजवत त्यावर पुन्हा म्हणायचं आणि दोन्ही आवाज दुसऱ्या टेपवर घ्यायचे. असं करत चार आवाज. पंख्याची घरघर येते म्हणून पंखा बंद, रस्ता ऐकू येतो म्हणून डोक्यावरून रजई. नागपूरचा मे महिना, पण काकांची तक्रार वेगळीच. "तिसरा जरा उशिरा येते. त्याले काढून टाकावं म्हणतो, पण मंग चौथ्याले करमणार नाही."

"चार माणसं काहून नाही बोलवत?" मी विचारलं.

"सगळेच पुढं उभे राहतेत गा. मागं कोण राहीन?"

एकदा ते पहिला आवाज भरत असताना मी दार ढकलून विचारलं, "चहा घेता का, काका?"

दुसऱ्या दिवशी रिक्षा गल्लीतून गेली. वाघ झाला, हत्ती झाला, आणि सगळ्यांच्या मागून बारीक आवाजात मी अख्ख्या नागपूरला चहा विचारत होतो. ओशाळून काकांना म्हटलं, पुन्हा भरा.

"राहू दे गा," रजईची घडी घालत ते म्हणाले. "त्यात तेवढा एकच तं आवाज दुसऱ्याचा हाये."