कमलची चिमटी

मी भूत मानत नाही. आजही मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी "काका, अमुक उतारा टाका" असलं लिहायला नको. बोईसरच्या एमआयडीसीत चौतीस वर्षं वेल्डिंग केलं. टाक्यांच्या पोटात एकटा उतरलोय, मसणवटीला लागून असलेल्या शेडमध्ये पाळ्या काढल्यात. कधी काही दिसलं नाही. दिसला तो फक्त झोपलेला सुपरवायझर.

शिक्षण चौथी. मी वहीत लिहितो, माझी मुलगी मंदा मोबाईलवर टाईप करते. शुद्धलेखन तिचं, बोलणं माझं.

तर... माझी बायको कमल. आम्ही मूळचे सांगलीकडचे, पण चाळीस वर्षं इथेच. कमल एका इलेक्ट्रॉनिक्सच्या युनिटमध्ये बावीस वर्षं लाईनवर होती. थंड गोदामांत तापमान मोजायला लावतात ते बिनवायरचे सेन्सर तिथे बनायचे. सेन्सर म्हणजे तीन पायांचा काळा मणी, तुरीच्या डाळीएवढा. तो बोर्डावर सोल्डरचा डाग देऊन बसवायचा. शेजारी रेडिओची छोटी पट्टी, आणि अँटेना म्हणून बोटभर तार. इथलं तापमान तिथल्या डिस्प्लेवर दिसतं, मध्ये वायर नाही.

मी त्याला मुंगीचं वेल्डिंग म्हणायचो. मी दहा मिलीमीटरची प्लेट जोडणारा माणूस, मला ते काम वाटायचंच नाही. ती चिडायची नाही. म्हणायची, "अहो, आमच्या टेबलावर एक तरी बोर्ड पास करून दाखवा, मग बोला."

बावीस वर्षांत मी तिच्या गेटच्या आत पाऊल टाकलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

मंदा घिवलीला दिलीय. घरामागे तिची कोंबडीच्या पिल्लांची शेड आहे. मागच्याच्या मागच्या थंडीत उबेचा बल्ब उडाला आणि कोणाला कळलंच नाही. सकाळी पाहिलं तर पिल्लं एकमेकांवर चढून मेलेली. मंदा दोन दिवस जेवली नाही. तेव्हा कमल म्हणाली, "मी तुला सेन्सर करून देते. शेडमध्ये गारठा पडला की तुझ्या उशाशी बोंब मारील."

तिने सामान मागवलं. डिस्प्लेचा भाग स्वतः पुरा केला. शेडमध्ये लावायचा भाग राहिला. आणि श्रावणात तिला ताप आला. पाच दिवस. ताप एकशे तीन, आणि बोटं मात्र गार. तिची बोटं कायमच गार असायची... पाचव्या दिवशी सगळंच गार झालं.

दिवसकार्य झाल्यावर तिचा डबा उघडला. दोन कोरे बोर्ड, सेन्सर, तारेचं रीळ, हिरवा पेन. मंदा म्हणाली, "बाबा, राहू दे. मी बाजारातून तयार आणते." मी म्हणालो, "तुझ्या आईचं काम अर्धं राहणार नाही. मी करतो."

मंदा हसली. हसण्यासारखंच होतं.

कमलच्या लाईनवर तिच्या शेजारी बसणारी रेखा इथलीच, बोईसरजवळच्या गावची. तिला रविवारी बोलावलं. कमलचं टेबल आतल्या खोलीत आहे, तिथे तिने मला बसवलं. सोल्डरिंगची आयर्न तापली. मी आयुष्यभर जसं केलं तसंच केलं – जोर लावून, दाबून, भरपूर धातू ओतून. डाग म्हणजे हा असा मोठा, भज्यासारखा. आणि आयर्न इतका वेळ टेकवली की बोर्डावरची तांब्याची चकतीच उखडून हातात आली.

रेखाने कपाळावर हात मारला. "काका, जहाज बांधता काय? एक बोर्ड गेला. आता एकच हाय."

"मग सांग ना नीट."

"नीटच सांगते. तुमी आयकत नाय. पाय तापवायचा, चकती तापवायची, दोनी एकदम. मग तार लावायची. सोल्डर आपोआप पळतो. तुमी ढकलू नका त्याला. काकी म्हनायची, बोलावलं की येतो, ढकललं की रुसतो."

हे कमल म्हणायची? मला कधी म्हणाली नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.

तीन आठवडे मी मेलेल्या बोर्डावरच सराव केला. हात थरथरतो, वय बहात्तर. मग एक युक्ती सापडली – वेल्डिंग करताना श्वास धरतो तसा धरायचा. चौथ्या रविवारी रेखाने भिंगातून पाहिलं आणि बोर्ड फिरवून पुन्हा पाहिला. मी म्हणालो, "काय झालं?" ती म्हणाली, "काय नाय. चकचकीत हाय. आता खऱ्यावर बसा." चौतीस वर्षांत कोणत्या साहेबाच्या शाबासकीने छाती फुगली नव्हती, ती त्या दिवशी फुगली.

त्याच दिवशी तिने मला चिमटीचं सांगितलं. त्यांच्या लाईनवर बोर्ड पास कसा करतात, तर एक बाई सेन्सरला दोन बोटांच्या चिमटीत धरते आणि मनात वीस अंक मोजते. दुसरी बाई लांब बसून डिस्प्ले वाचते. आकडा सावकाश चढला, थांबला, सोडल्यावर सावकाश उतरला, तर बोर्ड पास. वाचणारी बाई त्याच्यावर हिरवा ठिपका देते.

"बाकीच्यांची चिमटी तेहेतीस-चौतीस दाखवायची," रेखा म्हणाली. "काकीची एकतीस. त्याच्यावर कधी गेलीच नाय. सुपरवायझर बोलायचा, 'कमल काकी, उंगली है या बर्फ?' काकी बोलायची, 'साहब, चाय पिलाओ, गरम हो जाएगी.'"

आम्ही दोघं पोट धरून हसलो.

खरा बोर्ड मी एकट्याने केला. दोन दिवस लागले. सेन्सर, रेडिओ, अँटेना. मला तो पास करायचा होता, बाकी काही नको होतं. तिच्या टेबलावर, तिच्या नियमाने.

पौष महिना, सकाळचे दहा. सेल घातले. डिस्प्लेवर आकडा आला – २४.२. मी स्टुलावरून उठून उभाच राहिलो. म्हटलं, आता लांबून चालतो का पाहू. बोर्ड टेबलावर ठेवला. आयर्नचा प्लग काढला. त्या खोलीची खिडकी बंद, उन्हं त्या बाजूला दुपारनंतर येतात. घरात कोणी नाही. बाहेरून कडी घातली आणि डिस्प्ले हातात घेऊन गल्लीतून चालू लागलो, पावलं मोजत. चाळीस पावलांवर बोअरिंगचा हातपंप आहे, तिथे उभा राहिलो. २४.२. ठणठणीत.

मग आकडा चढायला लागला.

२४.८... २६... २७.५... उडी मारून नाही, एकेक करत. माझ्या मनात पहिलं काय आलं? आग. वाटलं, प्लग नीट निघाला नाही, टेबल पेटलं. वळलोच होतो, तेवढ्यात आकडा थांबला.

३१.०.

तिथेच राहिला. मी का मोजायला लागलो ते मला ठाऊक नाही. एक, दोन, तीन... विसाला ३०.६ झाला. मग २९. मग उतरत उतरत २४ च्या घरात.

पळालो म्हणणार नाही, माझे गुडघे पळत नाहीत. पण पोचलो. कडी तशीच. आत आयर्न थंड, प्लग बाहेर, खिडकी बंद. बोर्ड ठेवला होता तिथेच. ना मांजर, ना उंदीर. पाल असेल म्हणाल, तर पालीचं अंग तापत नसतं.

मी तिच्या स्टुलावर बसलो आणि मोठ्याने विचारलं, "पास हाय का?"

या टेबलावर बसली की ती बोलायची नाही.

नंतर मी सगळं करून पाहिलं, उगाच गळा काढणाऱ्यातला मी नाही. तीन दिवस रोज दहा वाजता तसाच हातपंपाशी उभा राहिलो. शेजारची बाई म्हणाली, "आजोबा, पानी भरायचं हाय का?" आकडा हलला नाही. मी चिमटी धरली आणि मंदाला वाचायला लावलं – ३४. मंदाने धरली – ३३. रेखाने भिंग लावून एकेक डाग तपासला. "एक पन कच्चा नाय," म्हणाली. मंदाच्या ओळखीतल्या एका इंजिनीयरला दाखवलं. तो म्हणाला, दुसऱ्या कोणाचा सिग्नल घुसला असेल. मी म्हटलं, "साहेब, घुसला तर आकडा उडी मारील ना? हा पायऱ्या चढल्यासारखा चढला, थांबला आणि उतरला." त्याने बोर्ड उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "सोल्डरिंग कोणी केलंय? फार सुंदर आहे." मी म्हणालो, "मी. पण हात माझ्या बायकोचा."

घिवलीला नेण्याच्या दिवशी मंदाने डब्यातला हिरवा पेन काढला. "बाबा, ठिपका राहिला. रेखामावशीला द्यायला सांगू का?"

"का म्हणून? नियम माहीत हाय ना? चिमटी धरणारी ठिपका देत नाय. आकडा वाचणारा देतो."

मंदाने माझ्याकडे पाहिलं. पेन माझ्या हातात दिला. पेन वाळला असेल वाटलं होतं, पण चालला. ठिपका थोडा फाटला, हात थरथरतो ना.

तो बोर्ड आज मंदाच्या शेडमध्ये लटकलाय. या थंडीत दोनदा बल्ब उडाला. दोन्ही वेळा उशाशी बोंब झाली, मंदा उठली, पिल्लं वाचली. लोक विचारतात कुठून आणला. मंदा सांगते, आईबाबांनी केलाय.

त्या सकाळी तो सेन्सर कोणी धरला, ते मला सांगता येत नाही. कारण सापडलं तर इथेच लिहीन, लपवणार नाही. पण आकडा मी वाचलाय. एकतीस. आणि ठिपका मी दिलाय.